माणसांत ठेव

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारची जेवणं आटोपल्यावर मी आत्याच्या कपड्यांवर नंबर शिवायला बसले. आठ लुगडी, सहा चोळ्या, डोक्या-खांद्यावरून घ्यायच्या चार फडक्या, दोन टॉवेल. ज्या ज्येष्ठ निवासात तिला दुसऱ्या दिवशी सोडायचं होतं तिथला नियम होता, धुवायला जाणाऱ्या प्रत्येक कपड्यावर खोलीचा नंबर हवा. लाल दोऱ्यानं एकेका काठावर मी चौदाचा आकडा घालत होते. आत्या समोरच्या खुर्चीत होती, प्लास्टर निघूनही अजून जपावा लागणारा डावा हात मांडीवर ठेवून.

"म्हशीच्या कानात बिल्ला मारतात, तसा मना मारतेस," ती म्हणाली.

"हरवू नयेत म्हणून."

"कोन? लुगडी का मी?"

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सगळं गव्हाण गाव तिला आत्याच म्हणायचं, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. तिची उमेदीची वर्षं मिठागरात गेली आणि तिथली एक खोड तिला कायमची लागली: जिभेला लावल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. आज मीठ धरेल की उद्या, हे ती पाण्यात बोट बुडवून, ते जिभेला लावून सांगायची आणि मुकादम तिचं ऐकायचा. पुढे मिठागरं गेली, तिथे रस्ते आले, आत्याचं बोट मात्र थांबलं नाही. कुणाच्याही घरी गेली की चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात. लग्नानंतर माझ्या सासरी पहिल्यांदा आली तेव्हाही तिनं सासूबाईंच्या आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाटला आणि म्हणाली, "पोरगी नांदंल." हे कौतुक होतं की आणखी काही, ते सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही.

ती कुठेही रिकाम्या हातानं जात नसे. "रिकाम्या हातानं गेलेलं मानूस चवकशीला आल्यावानी दिसतं," असं तिचं म्हणणं. पिशवीत काहीतरी असायचंच. शेवग्याच्या शेंगा, वालाचं बिरडं, नाहीतर वर्तमानपत्रात बांधलेली सुकट. हात मोडला तेव्हा एक्स-रे काढणाऱ्या मुलीलासुद्धा तिनं दुसऱ्या खेपेला चार कैऱ्या दिल्या होत्या. त्या तिनं कुठून मिळवल्या, कुणाला माहीत.

आणि दार. आत्याचं दार दिवसा कधी लागलं नाही. पुतण्यांनी जुनं घर पाडून चार मजले चढवले, तळमजल्याची पुढची खोली तिला दिली आणि स्वतः उलव्याच्या टॉवरमध्ये राहायला गेले. वरच्या मजल्यांवर सगळे भाडेकरू, विमानतळाच्या कामावरचे. आत्या उजाडताच दार सताड उघडून बसायची. श्रावणात एके दिवशी ती मोरीत घसरली आणि हात मोडून घेतला. सकाळी सहाला पडली, अकराला सापडली. तेवढ्या वेळात दहा-पंधरा माणसं जिना उतरून तिच्या दारावरून कामाला गेली. दार उघडंच होतं. कुणी आत डोकावलं नाही. त्यांचा दोष नाही. उघड्या दारात डोकावायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी तिला नवीन पनवेलला आमच्याकडे आणलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी कळंबोलीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत गाड्यांचं वेळापत्रक बघते. साडेआठला निघते ती सातला येते. नवरा माझ्याही आधी जातो. म्हणजे दिवसाचे दहा तास आत्या, टीव्ही आणि बंद दार. दोन आठवड्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "मॅडम, तुमच्या आजी दार उघडं टाकून उंबऱ्यात बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठे चाललात विचारतात. काल कुरिअरवाल्याला लसूण सोलायला बसवलं."

मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "तो बसला आपनहून. त्याचं पाय दुखत व्हतं."

नवरा म्हणाला, दिवसभराची बाई ठेवू. आत्या म्हणाली, "एक बाई म्हंजे मानसं नव्हं." मग तिसऱ्या दिवशी, मी डबा भरत असताना, ओट्याशी येऊन म्हणाली, "मंगे, मना कुटंतरी ठेव. पन मानसांत ठेव."

मी रडले वगैरे नाही. मी यादी केली. कुठलंही काम मी यादी करून करते. एकवीस मुद्दे झाले: रॅम्प, डॉक्टर, मोरीत धरायला दांडा, हॉस्पिटल किती मिनिटांवर, रात्रपाळीला कोण. ती यादी घेऊन आम्ही पहिल्या रविवारी कर्जत रस्त्यावरच्या एका मोठ्या वसाहतीत गेलो. बाग होती, ग्रंथालय होतं, व्हीलचेअरसाठी वेगळी वाट होती. मी एकामागून एक खुणा करत होते. ऑफिसातल्या मुलीनं पाणी आणून दिलं आणि आत्यानं पिशवीतून पुडकं काढून तिच्यासमोर काचेच्या टेबलावर ठेवलं.

"घे गो. पयल्यांदा आलो तुमच्याकडं."

मुलीनं पुडक्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. वास तोवर बाहेर पडला होता. "आजी, हे... इथे पूर्ण शाकाहारी आहे. आवारातसुद्धा आणता येत नाही."

"मंग घरी ने. आयेला दे."

"माझ्या घरीही नाही खात."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मी यादीकडे. एकवीस मुद्द्यांत जेवण नव्हतंच. मासे मिळतील की नाही हा प्रश्न असू शकतो, हे मुळात माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे जेवण मिळेल का असं विचारतात, मासे मिळतील का असं कुणी विचारत नाही. ती मुलगी बिचारी चांगली होती. म्हणाली, "आठवड्यातून दोनदा पनीर असतं, आजी."

"त्यात काटा नसतो," आत्या तिला समजावल्यासारखं म्हणाली. "काटा काढायला नसला तं जेवताना बोलायचं कवा?"

येताना गाडीला आठवडाभर पुरेल इतका वास घेऊन आम्ही परतलो. मी यादीत बाविसावा मुद्दा लिहिला.

पुढची जागा नेऱ्याच्या पलीकडे होती. मासे बुधवारी आणि रविवारी. चिकूची झाडं, सगळं तळमजल्यावर, खोल्या स्वच्छ. बाविसांतल्या वीस खुणा झाल्या. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं. आत्यानं स्वयंपाकघरात जाऊन कालवण चाखलं, मान डोलावली, बाहेर आली आणि व्यवस्थापकांना म्हणाली, "एक इचारू? इथं मानूस मेलं, तं कंच्या दारानं नेता?"

ते गृहस्थ आधी माझ्याकडे बघून हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आजी, असं मनात आणायचंच नाही. आणि तसं झालंच तर आम्ही फार व्यवस्थित करतो. मागचं गेट आहे. गाडी तिथेच लागते. बाकीच्यांना कळतसुद्धा नाही."

आत्या उठली. "चल गो."

गाडीत मी तिच्यावर चिडले. वीस मुद्दे जुळलेत, असा हट्ट कशासाठी, मेल्यावर पुढचं दार काय नि मागचं काय, तुला काय त्याचं. बरंच बोलले. रस्त्यावर एक डंपर आडवा होता, त्यामुळे बोलायला वेळही मिळाला. डंपर हलला तेव्हा आत्या म्हणाली, "मी मेल्याचं कुनाला कलनार नाय, तं मी जिती व्हती हे तरी कुनाला कलनार?"

मी गिअर टाकला. मोरीतले ते पाच तास माझ्याही डोळ्यांसमोर आले.

त्यानंतर दोन ठिकाणं तिनं फाटकातूनच नाकारली. तिसरं उरण रस्त्यापासून आत, गावाला लागून होतं. भिंतींना पोपडे, रॅम्प थोडा चढा, ग्रंथालय म्हणजे एक कपाट. बाविसांत तेरा खुणा, त्याही मी सढळ हातानं केलेल्या. पण व्हरांड्यात अकरा बायका एका रांगेत बसून मेथी निवडत होत्या आणि आमची गाडी कुठल्या पासिंगची आहे यावर त्यांचा वाद चालला होता. चालवणाऱ्या बाई पूर्वी परिचारिका होत्या. आत्यानं त्यांना तोच प्रश्न विचारला.

"पुढच्या," बाई म्हणाल्या. "मागच्या दाराला पायऱ्या आहेत, तिथून स्ट्रेचर वळत नाही."

"आनि ही मानसं?"

"उभी राहतात. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांना खुर्च्या बाहेर काढून देतो. दुपारी भात-आमटी. चारच्या चहाला मग गेलेल्या बाईच्याच गोष्टी निघतात. बऱ्याचदा तक्रारीच असतात."

आत्या खूश झाली. स्वयंपाकघरात गेली, माशाच्या कालवणाला बोट लावलं आणि तिथूनच ओरडली, "मीठ कमी हाय. पन मी आल्यावर बगेन."

ठरलं. बाईंनी एका कागदावर माझी सही घेतली: पहिले पंधरा दिवस नातेवाइकांनी भेटायला यायचं नाही. "माणूस दाराकडे बघत बसतं मग. रुळत नाही," त्या म्हणाल्या. मला ते पटलं. नव्या ड्रायव्हरलाही मी पहिले काही दिवस सारखे फोन करत नाही.

रविवारी आत्या म्हणाली, "जायाचं तं माज्या दारातनं." म्हणून आधी गव्हाणला गेलो. आळीतल्या तिच्या वयाच्या चारच बायका उरल्यात, त्या चारही आल्या. एकीनं नारळ दिला, एकीनं सुकवलेल्या कोळंबीचे सोडे बांधून दिले, एकीनं तिच्या फडकीचं टोक नीट केलं. चौथी सगळ्यांत म्हातारी. ती ओट्यावरूनच ओरडली, "बगा गो, म्हातारी सासरी निघाली!" सगळ्या हसल्या. आत्याला गावातच दिलेली, माहेरापासून तीन गल्ल्यांवर. तिची पाठवणी म्हणे विडी ओढून संपायच्या आत आटोपली होती. "तवा रडाया वेलच नाय भेटला," ती म्हणाली. "आता गाडी हाय, रस्ता लांब हाय. सवडीनं रडतंय." आणि गाडी सुरू झाल्यावर खरंच थोडी रडली. मी आरसा जरा वर केला.

खोली नंबर चौदामध्ये एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाई होत्या. मी कपाटात लुगडी रचली, औषधांचे डबे लावले, घंटेचं बटण दोनदा दाबून पाहिलं. करायला काही उरलं नाही तेव्हा निघाले. आत्या पायरीपर्यंत आली.

"मुराली कोन येनार माजा?" ती म्हणाली.

आमच्यात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुलीचा भाऊ तिला माहेरी परत आणायला जातो. तो मुराळी. एक रात्र ती माहेरी राहते, मग सासरी जाते, आणि त्यानंतर ते घर तिचं. तीन गल्ल्यांचं अंतर असूनही माझे बाबा तेव्हा नवी टोपी घालून तिला रीतसर आणायला गेले होते. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली.

"पंधरा दिवसांनी येते ना मी," मी म्हणाले.

"पंधरा दिसांनी पावना येतो," आत्या म्हणाली आणि वळून आत गेली. मागे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला फोन करून सांगितलं की उद्या येईन, आज कळंबोलीच्या गाड्या तुम्हीच काढा. साडेआठला फाटकाशी पोचले. रखवालदारानं भेटायची मनाई असलेल्यांची यादी पाहून नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात बाई बाहेर आल्या.

"अहो, काल सही केलीत ना तुम्ही?"

"केली. भेटायचं नाही अशी केली. मी भेटायला आलेली नाही. उद्या सकाळी दहाच्या आत परत आणून सोडते, मग पंधरा दिवस मोजा."

व्हरांड्यात अंघोळ करून, केस बांधून, पिशवी मांडीवर घेऊन आत्या बसली होती. शेजारच्या बाईला काहीतरी सांगत होती आणि फाटकाकडे बघायचं टाळत होती. बाईंनी मागे वळून तिला पाहिलं, मग रखवालदाराला म्हणाल्या, "रजिस्टर दे त्यांना."

नाव, गाडीचा नंबर, वेळ. शेवटचा रकाना होता, येण्याचं कारण. मी लिहिलं, 'माहेरी न्यायला आले,' सही केली आणि आत गेले.