प्रेमी कड्याचा गाईड

पहाटे पाच वाजता जंगलाच्या फाटकापाशी अठरा माणसं जमली, आणि गाईडला दिवसाची पहिली शिसारी आली ती सेंटच्या वासाची. जंगलात जाताना माणसं अंगावर एवढं काय काय फवारून का येतात, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. एकाच्या फोनवर गाणी चालू होती, तीही मोठ्याने. एका बाईने ओल्या कागदी रुमालाने फाटकाची कडी पुसली, मगच तिला हात लावला, आणि तो रुमाल शांतपणे झुडपात टाकला. गाईडने तो उचलून खिशात घातला. रोज संध्याकाळी त्याचा खिसा उलटा करताना त्याची बायको नाक मुरडायची.

हजेरी घेताना टॉर्चचा उजेड सगळ्यात मागे गेला आणि तिथेच थांबला. राखाडी स्वेटर, कापडी बूट, हातात काठी. ती त्याची वहिनी होती.

"वहिनी, तुम्ही इथे?"

"तिकीट काढलंय, भावोजी. फुकट नाही आले," वहिनी म्हणाली. "पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मग डॉक्टर चढू देतात की नाही कोण जाणे. म्हटलं, एकदा जागा बघून घ्यावी."

"अहो, सांगितलं असतंत तर मीच नेलं असतं."

"बारा वर्षं सांगतेच आहे की."

ते खरं होतं. बारा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ दरीच्या टोकाशी लोखंडी कठडा बसवत होता. बरोबर फक्त गाईड होता, नट आवळायचे पाने हातात देणारा. भाऊ खाली गेला तो त्याच्या एकट्याच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून वहिनीचं एकच मागणं होतं, जागा दाखवा आणि कसं झालं ते नीट सांगा. आणि "झटक्यात झालं, वहिनी" एवढं म्हणून हा दरवेळी पाणी प्यायला उठायचा. पुढे वहिनी लांबच्या गावी लेकीकडे राहायला गेली, तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याचीही त्याला लाज वाटत आली होती.

पण आजची भीती वेगळी होती. भावाच्या जागी जंगल खात्याच्या ऑफिसने त्याला गाईड म्हणून घेतलं. पहिली दोन वर्षं लोक विचारायचे, कठडा नवा दिसतोय, कोणी पडलं होतं का? तो खरं सांगायचा. मग साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "मजूर पडला म्हटलं की लोक कठड्याकडे संशयाने बघतात," साहेब म्हणाले. "प्रेमी पडले म्हटलं की फोटो काढतात." महिनाभरात वर 'प्रेमी कडा' अशी पाटी लागली, शेजारी लाल रंगाचा पत्र्याचा बदाम उभा राहिला. साहेबांनी गोष्टीचा नुसता सांगाडा दिला होता. त्यावर मांस चढवलं ते गाईडने, स्वतःच्या डोक्याने, आणि खरं सांगायचं तर थोडं चवीनेसुद्धा. ऑफिसात आता त्याला सगळे 'टेप' म्हणत. बटण दाबलं की सुरू.

आणि आज ती टेप वहिनीच्या कानावर पडणार होती.

वाट चढू लागली. गाणीवाला गाणी बंद करायला तयार नव्हता. कडी पुसणारी बाई दर दहा मिनिटांनी "किती राहिलं?" विचारत होती. एकाने झाडाच्या बुंध्यावर पिंक टाकली आणि वर "काय शुद्ध हवा आहे!" असंही म्हणाला. गाईडला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. निम्म्या वाटेवर बाक होता. तिथे तो वहिनीजवळ आला.

"वहिनी, पुढे फार चढ आहे. इथे बसा. मी परत येताना घेऊन जातो."

"एवढी आले ती बाकावर बसायला?" वहिनी म्हणाली आणि काठी टेकत त्याच्या पुढे निघून गेली.

वर पोहोचले तेव्हा नुकतं फटफटलं होतं. खाली दरीत नदी मोठं वळण घेऊन वाहत होती, दोन्ही बाजूंचे कडे हळूहळू तांबूस होत होते. दरी सुंदर होती. तिचा त्याला रागच यायचा, इतकं होऊनही ती अशी सुंदर कशी दिसू शकते म्हणून. लोकांनी मात्र दरीकडे पाठ केली आणि बदामापुढे रांग लावली.

"आधी गोष्ट!" गाणीवाला ओरडला. "आम्ही गोष्टीसाठीच आलोय."

आज दोन वाक्यांत उरकायचं, असं गाईडने ठरवलं. पण तोंड उघडलं आणि ते आपलं आपण चालू लागलं. धुक्याची सकाळ. घरच्यांचा विरोध. मुलगी कड्याच्या टोकाशी गेली, मागे वळून हसली. मग एक किंकाळी. इथे तो नेहमी थांबायचा, तसाच थांबला, आणि लोकांनी नेहमीसारखा श्वास रोखला. स्वतःच्या त्या कमावलेल्या आवाजाची त्याला किळस आली, तरी तो आवाज थांबेना.

"त्या खालच्या झाडाला तिचा पिवळा स्कार्फ अडकला होता," तो म्हणाला. "सहा दिवस फडफडत होता. कोणाची उतरायची हिंमत झाली नाही."

"अरेरे," कडी पुसणारी बाई म्हणाली.

"टॉवेल होता तो," मागून वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. वहिनीचा आवाज चढलेला नव्हता. "पिवळा टॉवेल. मीच त्यात यांचा डबा बांधून दिला होता. मी तुमच्या घरी तो मागायला आले तेव्हा तुम्हीच म्हणालात, भावोजी, की झाडाला अडकलाय, सहा दिवस झाले, काढता येत नाही."

गाईडला तिच्याकडे बघवेना. गाणं कोणीतरी बंद केलं.

"म्हणजे प्रेमी वगैरे नव्हतेच?" गाणीवाल्याने विचारलं, पैसे पाण्यात गेल्यासारख्या तोंडाने.

"नव्हते," गाईड म्हणाला. "इथून एकच माणूस पडला. माझा भाऊ. हाच कठडा बसवताना."

कठड्यावरचे हात पटापट निघाले. रांगेतली एक मुलगी मैत्रिणीला हळूच म्हणाली, "मग आता फोटो काढायचा की नाही?" ते त्याला ऐकू आलं, आणि नवल म्हणजे तिचा राग आला नाही. सगळी ओकारी त्याला स्वतःचीच येत होती.

तो वहिनीपाशी गेला. ती आता चारचौघांत आपल्याला काय बोलेल, मागचं सगळं कसं काढेल, याची तो वाट बघत उभा राहिला. मार खायची त्याची तयारी होती. पण वहिनी रागावली नाही. तिने काठीवर दोन्ही हात ठेवले.

"लोकांना काय सांगायचं ते सांगा," ती म्हणाली. "पोटासाठी माणूस काय काय करतो, मला माहीत आहे. पण मला खरं सांगा. पहिल्यापासून. त्यासाठीच आलेय मी. तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही."

"सकाळ होती," गाईड म्हणाला. "धुकं होतं..."

तो थांबला. धुकं होतं का? धुकं तर त्याने प्रेमींसाठी घातलं होतं, त्यांना कोणी बघू नये म्हणून. भाऊ पाना मागायला मागे वळला होता, हसला होता. की हसली होती ती पोरगी? ओरडला होता का तो? काय ओरडला? त्याने आठवायचा जिवापाड प्रयत्न केला, पण दहा वर्षं दिवसातून दोनदा वाजलेली ती किंकाळीच कानात आली, जिथे लोक श्वास रोखतात ती.

"पुढे?" वहिनी म्हणाली.

"वहिनी," तो म्हणाला, "मला आता फक्त त्या पोरीचंच आठवतंय."