विरोध असल्यास कळवावे

संध्याकाळची डाक आली नाही, तेव्हाच मला कळलं. श्रीधरच्या कॉम्प्युटरवरून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आम्हा सगळ्यांना पत्रं यायची, आणि त्यात कधी खंड पडला नव्हता. तो हॉस्पिटलात गेल्यावरसुद्धा पडला नव्हता, कारण हेमा, त्याची बायको, डबा करायला घरी यायची तेव्हा त्याने शिकवल्याप्रमाणे डाक सोडूनच परत जायची. त्या दिवशी मी ठाण्याला, कोपरीच्या माझ्या घरी, नव्याने आलेल्या फोनला मोडेम जोडून बसलेले. बघते तर सकाळचीच पत्रं. उठून चहा केला, पुन्हा बघितलं... काही नाही. आपण फोन करावा तर धीर होईना. शेवटी तिकडूनच आला. हेमा म्हणाली, "नीला, आज डाक पाठवायची राहिली गं." पुढचं मला विचारावं लागलं नाही.

डाक म्हणजे काय, हे या पुरवणीच्या वाचकांना सांगायला हवं, कारण श्रीधरचं सगळं आयुष्य शेवटी तिच्याभोवतीच फिरत राहिलं. इंटरनेटवरची पानं तयार करायला एक टूल आहे. तुम्ही पानावर काही विचारलंत की ते आतून माहिती शोधून तुमच्यासमोर मांडतं. ते कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही. जगात कुठे कुठे बसलेल्या लोकांनी लिहिलं आणि आतल्या कोडसकट खुलं ठेवलं, ज्याला हवं त्याने वापरावं, सुधारावं. छानच आहे. पण अडलं की विचारायचं कोणाला? कंपनीच नाही म्हटल्यावर तक्रार कुठे करणार? श्रीधर स्वतः एकदा असा अडकलेला. नवी नोकरी, डोक्यावर साहेब, टूल चालेना आणि सांगणारं कोणी नाही. त्या दिवसांत तो माझ्याकडे येऊन नुसता भिंतीकडे बघत बसायचा. आम्ही पॉलिटेक्निकला एका वर्गात होतो, त्याचा चेहरा मला वाचता यायचा, तरी त्या वेळी मी घाबरलेले. पुढे त्याचं त्यालाच उत्तर सापडलं, आणि त्याने ठरवलं की असं कोणाला एकटं बसायला लागू नये. म्हणून ही लिस्ट. एका पत्त्यावर सगळ्यांनी प्रश्न पाठवायचे, त्याचं मशीन फोन लावून ते घेऊन येणार आणि सगळ्यांना वाटणार, मग ज्याला येतं त्याने उत्तर द्यायचं. आधी डोंबिवली-कल्याण-ठाण्यातले आम्ही मूठभर होतो. मग कुठून कुठून लोक आले, तालुक्याच्या गावांतून क्लासेस चालवणाऱ्या मुली आल्या. नव्या माणसाला मशीनच आपोआप एक पत्र पाठवायचं, श्रीधरच्या नावाने: "स्वागत. प्रश्न लहान आहे म्हणून विचारायचा राहू देऊ नका. उत्तर आजच मिळेल." आणि खरंच मिळायचं. बाकी कोणी दिलं नाही तर तो स्वतः द्यायचा.

लिस्टचा एक नियम होता, तोही त्याचाच. काहीही बदल करायचा तर आधी सगळ्यांना विचारायचं, खाली लिहायचं, "विरोध असल्यास कळवावे", आणि थांबायचं. एकाचाही विरोध आला तर चर्चा पुन्हा पहिल्यापासून. मी तेव्हाच म्हटलेलं, "अरे, आमच्या सोसायटीत या नियमाने पाण्याची टाकी धुऊन झाली नसती." तो हसला. "कंपनीत एकजण ठरवतो आणि बाकीचे भोगतात. इथे तसं नको," म्हणाला. त्याला ते मनापासून पटलेलं होतं. मला नव्हतं, आजही नाही.

त्यांचं घर डोंबिवलीत, मानपाड्याच्या अंगाला, कारखान्यांच्या वसाहतीला अगदी खेटून. लग्न झाल्यावर घेतलं तेव्हा स्वस्तात मिळालं म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटलेली. मागे नाला. त्याचं पाणी एके दिवशी हिरवं असायचं, दुसऱ्या दिवशी जांभळं, आणि घरी येणारे पाहुणे ते कौतुकाने बघायला जायचे. हेमाची तुळस टिकत नव्हती. पुन्हा लावायची, पुन्हा पानं कडेने काळी पडायची. वाळत घातलेल्या चादरीला बारीक बारीक भोकं पडायची. आणि तो वास... दुपार कलली की यायचा, किंचित गोड, सडक्या बदामासारखा, आणि घशात जाऊन बसायचा. श्रीधर उठून घरातल्या सगळ्या खिडक्या लावायचा आणि मगच फोन लावायला बसायचा. इतकी सवय झालेली की वास नसला तरी लावायचा. मोडेमची ती किरकिर, बंद खोली, पंखा फुल, आणि हा आपला कुणातरी अनोळखी मुलीला समजावून लिहितोय की तुझा कंस एक ओळ वर बंद कर. मी म्हणायचे, "तुझा स्वतःचा दरवाजा उघड आधी."

खोकला कधी सुरू झाला ते नक्की सांगता येणार नाही. आधी तो खाकरायचा, लोक फोनवर बोलण्याआधी खाकरतात तसा. मग जिन्यात थांबायला लागला. हेमाने ते आमच्याआधी ओळखलं. ती बाळकुमच्या कोळीवाड्यातली, खाडीच्या मोकळ्या वाऱ्यात वाढलेली. माणसाच्या श्वासाकडे तिचं लक्ष होतं. डॉक्टरांनी फोटो काढले, औषधं दिली, आणि कागदावर कारण काही लिहिलं नाही, पण तोंडी स्पष्ट सांगितलं की या हवेतून निघा, होईल तितक्या लवकर निघा. बाळकुमला हेमाच्या माहेरी वरची खोली रिकामी होती. तिची आई तर रोज निरोप धाडायची, "त्याला म्हनाव इकरं ये. खारा वारा घे." सगळं जुळत होतं. फक्त बाळकुमच्या घरात फोन नव्हता, आणि डोंबिवलीचा फोन ठाण्याला हलवायचा म्हणजे किती वर्षं, ते टेलिफोनवालेच जाणोत. फोन नाही तर डाक नाही. घोडं तिथे अडलं.

"मग काही दिवस बंद ठेव," मी म्हटलं. तो म्हणाला, "आणि त्या लोकांनी विचारायचं कोणाला?" भिंतीकडे बघत बसलेला तो मला पुन्हा आठवला. त्याने आपल्या पद्धतीने लिस्टवर पत्र टाकलं. तब्येतीमुळे मला घर बदलावं लागतंय, मशीन कोणीतरी आपल्याकडे न्यावं, विरोध असल्यास कळवावे. तब्येतीचं एक वाक्य, तेही मधे कुठेतरी दडवून.

झालं, चऱ्हाट सुरू. पहिल्यांदा सगळ्यांनी लवकर बरे व्हा म्हणून लिहिलं, ते मनापासूनच होतं, खोटं कशाला बोलू. मग कल्याणचा मिलिंद पुढे आला. हुशार माणूस, टूलमधलं त्याला श्रीधरइतकंच कळायचं. तो म्हणाला, मी नेतो. तर दुसऱ्या एकाचा विरोध, कल्याणला त्यांच्या भागात वीज जाते. मिलिंदला ते लागलं. मग जो पुढे येईल त्याला मिलिंदचा विरोध. जुनी पत्रं कशी ठेवायची, वर्षाप्रमाणे की विषयाप्रमाणे, यावर तर अक्षरशः रणधुमाळी. कोणी म्हणे आधी ते ठरू द्या, मशीनचं नंतर बघू. त्यात दोन हजार साल तोंडावर आलेलं, एक तारखेला जगातले कॉम्प्युटर बंद पडणार अशी भीती सगळ्यांच्या मानगुटीवर, तेव्हा कोणी लिहिलं की अशा वेळी मशीन हलवणं धोक्याचं आहे, नवीन वर्ष उजाडू द्या. धोका. शब्द कोणासाठी वापरतोय हे त्या गृहस्थाला कळलं तरी असेल का? आणि हे सगळे विरोध, फाटे, त्यावरची उत्तरं सकाळ-संध्याकाळ कोण वाटत होतं? श्रीधर. खिडक्या लावून, खोकत, त्याच खोलीत बसून.

एका रविवारी मी गेले तर तो उशीला टेकून बसलेला, ओठ निळसर, आणि मांडीवर छापून घेतलेली पत्रं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "ते मशीन बंद कर आणि ऊठ. रिक्षा खाली उभी आहे, बाळकुमला चल." त्याने हात वर केला, जरा थांब म्हणून, श्वास जुळवला आणि म्हणाला, "नीला, तुझा विरोध लिस्टवर नोंदव." हेमा स्वयंपाकघरात होती. भांडं आपटल्याचा आवाज आला, मग तीच बाहेर आली आणि त्याला नाही, मला म्हणाली, "मी जाते म्हटलं माहेरी, एकटी. तर म्हणतो, जा, तुला तरी चांगली हवा मिळेल." ती रडत नव्हती. ती त्याच्या छातीकडे बघत होती, वर-खाली होणाऱ्या. मी त्या दिवशी जिना उतरले तेव्हा नाला लाल होता आणि मला प्रथमच त्याची भीती वाटली.

दिवाळीनंतर त्याला डोंबिवलीतल्याच हॉस्पिटलात ठेवावं लागलं. आणि त्याच सुमारास, कित्येक वर्षं ज्याची वाट बघत होते तो माझा फोन लागला; तोवर डाक मी ऑफिसातच वाचायचे. मी तशीच धावत गेले. ऑक्सिजनची नळी नाकात. म्हटलं, "श्रीधर, फोन आला. मशीन उद्या कोपरीला नेते. तू इथून सरळ बाळकुमला जायचंस, त्या घरात पाऊल ठेवायचं नाही." त्याचे डोळे असे काही उजळले... हेमाने माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली. मग तो हळूच म्हणाला, "लिस्टवर टाक ना. एक-दोन दिवस थांबू. कोणाचा विरोध नसेल." मी हेमाकडे बघितलं. ती म्हणाली, "टाक. तो म्हणतोय तसंच कर. एवढ्यासाठी जीव खाली-वर नको करू देऊ त्याला." मी टाकलं. हेमाने घरी जाऊन ते वाटलं. दुसऱ्या दिवशी मिलिंदचं उत्तर आलं: कोपरी खाडीजवळ आहे, खाऱ्या हवेने मशीन गंजेल, तरी माझा विरोध नोंदवावा.

खाऱ्या हवेने. ते पत्र मी दोनदा वाचलं. हेमाने ते छापून त्याला वाचायला दिलं, कारण तो रोज विचारायचा, आज कोण काय म्हणालं. तो वाचून म्हणाला, "मुद्दा बरोबर आहे त्याचा." त्याला हसायचं होतं, पण खोकला आला. नंतर म्हणाला, "चर्चा होऊ दे." माझ्याशी बोललेलं त्याचं ते शेवटचं.

तो गेल्यावर लिस्टवर पत्रांचा पूर आला, आणि तीही हेमानेच वाटली. लोकांनी काय काय लिहिलं, कोणाला नोकरी लागली होती त्याच्या उत्तरामुळे, कोणाचं क्लासचं दुकान वाचलं होतं. मिलिंदने सगळ्यांत लांब लिहिलं, आणि मला वाटतं लिहिताना तो रडला असणार. मी त्याच्यावर चिडून आहे आणि त्याची मला दयाही येते, दोन्ही. दिवस झाले, हेमा बाळकुमला गेली. घर रिकामं करताना मी टेम्पो बोलावला आणि मशीन उचलून कोपरीला आणलं. कोणाला विचारलं नाही. आणल्यावर लिस्टवर एक ओळ टाकली, "मशीन माझ्याकडे आहे." खाली ते शब्द लिहिले नाहीत. कोणी ब्र काढला नाही. एकाचाही विरोध आला नाही. मला त्याचाच सगळ्यांत जास्त राग येतो. इतकं सोपं होतं ते.

मशीन गंजलेलं नाही. पण चालू करून थोडा वेळ झाला, आतून गरम झालं की मागच्या पंख्यातून तो वास यायला लागतो, गोडसर, सडक्या बदामासारखा. कापडाने पुसलं, उघडून ब्रशने झटकलं, आत कडेकडेने पिवळट थर बसलेला, तो खरवडला. तरी येतो. माझ्या घरात, खाडीच्या तोंडाशी, मानपाड्याची दुपार भरून राहते. जे त्याच्या छातीत जात होतं ते यात राहिलंय, आणि आता मी तेच थोडं थोडं घेतेय, असं काहीबाही मनात येतं. मग मी उठते आणि फोन लावायच्या आधी सगळ्या खिडक्या उघडते.

त्या स्वागताच्या पत्राखालचं नाव अजून त्याचंच आहे. ते बदलायचं तर लिस्टला विचारायला हवं, आणि आता मात्र माझी तयारी नाही. परवा कोणी नवी मुलगी आली. तिला मशीनने पत्र पाठवलं असणार, कारण संध्याकाळच्या डाकेत तिचं उत्तर होतं: "धन्यवाद श्रीधर सर. प्रश्न अगदी लहान आहे, म्हणून लाज वाटत होती. तुम्ही आजच उत्तर द्याल असं लिहिलंय, म्हणून जागी राहणार आहे."

मी खिडक्या उघडल्या, आणि तिला उत्तर लिहायला बसले.