हा हात ऐक

"ऐक, ऐक... आता हा हात ऐक! असा हात परत नाय व्हायचा."

एवढं बोलून मामा गिअरवरची मूठ उचलायचे आणि हवेत आपटायचे. त्यांच्या काळ्या-पिवळ्या जीपमधून मुरबाड ते कल्याण तुम्ही कधी गेला असाल, तर ही मूठ तुम्हाला आठवत असणार. ती वर गेली की पुढच्या सीटवर कोंबलेले आम्ही सगळे देवाचं नाव घ्यायचो. वळण असो, समोरून ट्रक येवो, कॅसेटमध्ये ड्रमच्या ठोक्यांची ती जागा आली की मूठ वर जायची म्हणजे जायचीच.

कॅसेट एकच होती. 'उडालेला फ्यूज' या बँडच्या पहिल्यावहिल्या कार्यक्रमाची.

नव्वदच्या दशकात मुरबाडच्या कॉलेजातल्या चार पोरांनी हा बँड काढला. रॉक बँड बरं का! आमच्याकडे हळदीला बेंजो पार्टी लागते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ही चौघं इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम घेऊन मांडवात उभी राहिली. स्वतःचं म्हणावं असं त्यांचं गाणं एकच होतं, ते म्हणजे मुरबाडला रेल्वे येणार, येणार, येणार. बाकी शब्दच नव्हते. रेल्वे काही आली नाही, त्यामुळे शब्द वाढवायची गरजही कधी पडली नाही.

त्यांचा पहिला कार्यक्रम झाला सापगावला, मामांच्या मेहुण्याच्या हळदीला. मामा तिथले जावई. शहापूरच्या बाजारातून नवा टेपरेकॉर्डर घेऊन गेले होते आणि जावयाच्या तोऱ्यात त्यांनी तो ओट्यावर स्वतःच्या हाताने ठेवला होता. "दुसऱ्या कोनाला बटन दाबाया दिला नाय मी," हे ते दर खेपेला सांगायचे. आम्ही दर खेपेला "वा!" म्हणायचो. न म्हणून करता काय? जीप त्यांची होती.

आता माझं सांगतो. मी कल्याणला रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात होतो. म्हणून मामा मला 'रेडिओ' म्हणायचे. आवाजातलं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती आणि ती जाहीर करायला मी कधी लाजलो नाही. पुढे त्या बँडने कल्याणच्या मैदानात कार्यक्रम केला होता. रंगीत दिवे, माणसाच्या उंचीचे स्पीकर, नवा ड्रमर. मी तो उभा राहून ऐकला होता. माझं म्हणणं, बँड खरा तिथे वाजला. हळदी-बिळदीत झाली ती नुसती धडपड.

"मामा, कल्याणचा आवाज किती स्वच्छ होता!"

"स्वच्छ धोतर असतंय रे, रेडिओ. गान्याला वजन लागतंय. पैल्याला होता तो वजन. आता काय रायलं नाय."

"पहिल्याला गिटार सुरात नव्हती."

"रेल्वे तरी कुठं टायमावर असते? पन येते तवा धरनी हालते का नाय?"

मागच्या सीटवरचे लोकही हळूहळू वादात पडायचे. अर्धी जीप त्यांच्या बाजूने, अर्धी माझ्या. एकदा भाजीची पाटी घेतलेल्या एका बाईंनी मागून आवाज दिला, "तुमचा मिटला असंल तर मना उतरवा. म्हारळ मागं गेला." मामांनी जीप वळवली, बाईंना म्हारळला सोडलं आणि त्या उतरत असताना विचारलं, "पन मावशी, वजन हाय का नाय?" बाई म्हणाल्या, "पाटीला हाय." मामांनी तेही आपल्या बाजूचं मत धरलं.

खरं सांगायचं तर वजन होतं. गाणं रडतखडत चालायचं आणि मध्येच त्याच्या पोटात धम्म... धम्म... असं काहीतरी उतरायचं, की जुनी जीपसुद्धा शहारायची. पण हे मी कबूल करीन होय! मी म्हणायचो, चुकून लागला असेल हात. पहिला ड्रमर तर घाबरून ताल सोडून पुढे पळत सुटायचा, म्हणून बँडने त्याला काढला होता. बिचारा आता मुरबाडच्याच एका कारखान्यात लागला होता.

मामांच्या मुलीचं लग्न खर्डीला ठरलं, तेव्हा मी संधी साधली. "मामा, हळदीला फ्यूजवाल्यांना बोलवा. त्या जुन्या ड्रमरलाच बसवा. वजन निघालं तर अख्ख्या जीपसमोर सांगेन की कल्याणचं पाणचट होतं. नाही निघालं तर कॅसेट माझी. परत जीपमध्ये हात-बित ऐकवायचा नाही."

मामांनी टेपमधल्या कॅसेटवर हात ठेवला. ती कॅसेट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मग म्हणाले, "आन. कोनाला आनायचा त्याला आन."

हळदीच्या दिवशी दुपारी ड्रमर मला मांडवामागे ओढत घेऊन गेला. चेहरा पांढराफटक. "दादा, ती कॅसेट मीपन ऐकलीय. तो मी नाय. तसा मी जन्मात वाजवला नाय!" मी त्याला धीर दिला आणि मनातून जाम खूश झालो.

बँड सुरू झाला. रेल्वे येणार, येणार, येणार. गिटार ठीक, गाणारा ठीक आणि ड्रम म्हणजे रिकाम्या डब्यात चणे. जीपमधले नेहमीचे लोक मुद्दाम आले होते. ते तोंडावर रुमाल धरून हसायला लागले. मामा खुर्चीत बसून होते, हाताची मूठ मांडीवर गच्च. मुलीच्या हळदीत बापाचं हसं होत होतं. पैज मीच लावलेली, पण त्या घडीला मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

इतक्यात मामी बाहेर आल्या, भडकलेल्या. आमच्याकडे हळदीच्या दिवशी उखळात हळकुंडं कुटायची रीत आहे. सवाष्णींनी नावाला मुसळ लावायचं आणि मग जिच्या दंडात जोर तिनं उरलेली हळद कुटायची. आमच्या पंचक्रोशीत ती बाई म्हणजे मामी.

"तुमचा धिंगाना संपंपर्यंत आमी काय हलद कुटायची नाय?" असं म्हणून त्यांनी पदर खोचला, मुसळ उचललं आणि मांडवाच्या कडेच्या उखळात घातलं.

धम्म!

ड्रमर दचकला. दुसरा धम्म आला तसा तो त्या ठोक्यावर जाऊन बसला, बुडणाऱ्याला ओंडका सापडावा तसा. धम्म... धम्म... जमीन हलली. गाणं जागं झालं. सगळा मांडव उठून नाचायला लागला आणि मी येडा उखळाकडे बघतच राहिलो. तोच हात! इतकी वर्षं जीपमध्ये ऐकलेला तोच! सापगावला मेहुण्याची हळदही मामींनीच कुटली होती. नवरदेवाची बहीण, दुसरी कोण कुटणार?

मामा उठले, माझ्यासमोर आले. "बोल. आता बोल, रेडिओ!"

"बोलायचं काय? पैज हरलात! हा हात ड्रमरचा नाहीच, मामींचा आहे."

"मी वजन हाय बोललो होतो. हात कोनाचा ते तू इचारलास कवा?"

"पलटी मारतात बघा!" मामी उखळापाशीच घाम पुसत म्हणाल्या. "इतकी वर्सं त्या पोराचं गुनगान, आन् आता म्हनं इचारलास कवा! माझी याद आली होती का कवा?"

मलाही ती पलटीच वाटली. तरी जीपमध्ये मी कल्याणच्या कार्यक्रमाला पाणचट म्हटलं. मांडवातला मामांचा तो चेहरा पाहून झाल्यावर जिंकण्यात राम नव्हता. त्यानंतर मामी कधीही भेटल्या की नवऱ्याला चिडवायच्या, "काय, कसा हाय तुमचा ड्रमर?" मामा नुसते हसायचे. वाद घालण्यात अख्खा जन्म घालवलेला माणूस, या एका बाबतीत कधी उलटून बोलला नाही.

मामा गेले ते अचानक. मला फार लागलं. नंतर जीप विकली गेली, त्याआधी मामींनी ती कॅसेट काढून घेतली होती. एके दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. "अडकते रे ही. जरा बघ."

मी फीत साफ केली आणि सोबत नेलेल्या टेपमध्ये लावली. रेल्वे येणार, येणार. मग ती जागा आली. धम्म... धम्म... आम्ही दोघंही सवयीने थांबलो, आता मामा ओरडणार म्हणून. कोणी ओरडलं नाही. आणि त्या रिकाम्या जागेत, जीपमध्ये कधीच न ऐकू आलेलं काहीतरी कॅसेटमधून आलं. तरण्या मामांचा आवाज, अगदी टेपच्या जवळून, दबका.

"हलू गो, हात भरून येल. दे, मी कुटतो जरा."

आणि एका तरण्या बाईचं हसू. "सरका तिकडं! जावई कुठं हलद कुटतात? सगली बघतात..."

मग पुन्हा धम्म.

मामींनी टेप बंद केला. याच जागेवर दर खेपेला 'हा हात ऐक' म्हणून मामा का ओरडायचे, ते मला आत्ता कळलं. हे बोलणं चार लोकांत ऐकू गेलं असतं तर त्यांनी जीप सोडून पळ काढला असता.

"म्हंजे म्हायती होता त्यांना," मामी म्हणाल्या. डोळ्यांना पाणी आणि तोंडावर राग. "सगल्या दुनियेला माझा हात ऐकवत फिरले, आन् मना एका शब्दानं सांगितला नाय!"

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि टेप माझ्याकडे सरकवला.

"परत लाव," त्या म्हणाल्या. "आन् मधी बोलू नको."