सासूबाईंची राख

आता हसायचं तर हसून घ्या, पण आधी ऐका. आपल्या स्वतःच्या सासूला, ती धडधाकट असताना, भर बसमध्ये मारून मोकळा झालेला माणूस तुम्ही पाहिलाय का? नाही? मग चहा खाली ठेवा आणि माझ्याकडे नीट बघा.

झालं असं, की मागच्या वर्षी मला पर्यावरणाची बाधा झाली. बाधाच म्हणायची! घरातला प्लास्टिकचा एकेक डबा मी बाहेर काढला. ब्रश बांबूचा आणला. त्याचे केस चौथ्या दिवशी दातांत राहिले आणि दांडा हातात! अंग घासायला वाळलेल्या गिलक्याची जाळी घेतली. पहिल्याच आंघोळीला पाठ अशी सोलून निघाली, की दोन दिवस ऑफिसात खुर्चीला टेकता आलं नाही. माझी बायको सुनंदा सगळं निमूट पाहत होती. निमूट म्हणजे, तोंडाने निमूट. भांडी जोरात आपटत होती.

"आता भांड्यांची पावडर बंद," मी एक दिवस जाहीर केलं. "राखेनं घासायची. आपल्या आज्या काय घासत होत्या?"

"आज्यायच्या घरी चुली होत्या," सुनंदा म्हणाली. "आपल्या गॅसखाली राख पडून राह्यली काय?"

मुद्दा बिनतोड होता. पण राख कुठे मिळेल ते मला ठाऊक होतं. जानेफळला! माझी सासुरवाडी. तिथे सासूबाई, म्हणजे मी ज्यांना मामी म्हणतो त्या, एकट्या राहतात. घरी गॅस आहे, पण भाकर चुलीवरच. मागे वांग्या-मिरच्यांची वाडी, तीही त्या एकट्याच पाहतात. एका शनिवारी बुलडाण्याहून निघालो आणि मामींकडे मुक्कामी पोचलो.

रविवारी पहाटे मामींनी चूल आटोपली, राख काढून चाळली आणि भरायला प्लास्टिकची पिशवी आणली.

"मामी, प्लास्टिक नको!"

"मंग तेलाचा डबा देतो."

"तोही प्लास्टिकचाच!"

मामींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं सुनंदा हल्ली रोज पाहते. मग कोनाड्यातून एक छोटं कोरं मडकं काढलं. त्यात राख भरली. तोंडाला बांधायला मीच एक पांढरं फडकं शोधून दिलं, आणि सुतळीने गच्च आवळलं. मडकं दोन्ही हातांत घेऊन निघालो, तेव्हा मामी दारात थबकल्या.

"जवाईबापू, असं घेऊन जाता? लोक काय म्हनतीन?"

"म्हणू द्या मामी! मला लाज नाही वाटत."

मला वाटलं, राख नेण्याची लाज म्हणतायत. तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. पर्यावरण डोक्यात शिरलं की बाकी काही शिरायला जागाच राहत नाही.

मेहकरला गाडी बदलली. बुलडाण्याची बस खच्चून भरलेली. मी मडकं छातीशी धरून चढलो, आणि काय चमत्कार! माणसं बाजूला झाली. कंडक्टरने एका तरण्या गड्याला उठवलं, "ऊठ बे, त्याइले बसू दे," आणि मला खिडकीची जागा दिली. मला भरून आलं हो! म्हटलं, कोण म्हणतं आपल्या जिल्ह्यात जागृती नाही?

शेजारी टोपीवाले आजोबा बसले होते. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "राख व्हय ना भाऊ?"

"हो ना!" मी खूश. बघितल्याबरोबर ओळखलं!

"कोनाची?"

"सासूबाईंची."

"अरे अरे अरे. कवाची?"

"आज पहाटेचीच. हात लावून बघा, अजून कोमट लागेल."

आजोबांनी हात लावला नाही. हात जोडले. मीही मान लववली.

"वय?"

"सत्तरी पार."

"बिमार-गिमार?"

"छे! ठणठणीत. कालच मला आग्रह करकरून तिसरी भाकर वाढली."

"असंच असते भाऊ," आजोबांनी सुस्कारा सोडला. "आपल्या हाती काय हाये?"

"असं कसं? आपल्याच हाती आहे!" मी म्हणालो. पर्यावरणावर बोलायला लागलो की माझी भाषा आपोआप शुद्ध होते. "प्रत्येकाने आपल्या घरापासून सुरुवात केली पाहिजे. आज मी केली, उद्या तुम्ही करा."

आजोबा जरा सरकून बसले. मग म्हणाले, "मंग आता नाशिकले नेता का पैठनले?"

मला वाटलं, मी कुठे निघालो ते विचारतायत. "नाही हो, बुलडाण्याला. घरीच."

"घरी? घरी काय करसान?"

"भांडी घासणार! आणि वस्त्रगाळ करून उरली, तर दातांना."

आजोबा उठले. खच्चून भरलेल्या बसमध्ये, मिळालेली जागा सोडून, दारापाशी दांडीला धरून उभे राहिले. चिखली येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, उतरायची घाई असेल.

आमच्या मागच्या सीटवर शोभाताई होत्या. आमच्याच कॉलनीतल्या, सुनंदाच्या बचत गटातल्या. मेहकरहून परतताना वाटेत चिखलीला माहेरी उतरणार होत्या. गाडीच्या खडखडाटात त्यांना सगळं ऐकू आलं नव्हतं. 'सासूबाईंची' आणि 'आज पहाटेचीच', एवढं मात्र आलं होतं. उतरताना माझ्यापाशी थांबल्या. डोळे भरलेले.

"भाऊ, सुनंदाले सांभाळजा."

मी विचार केला, बायकांना एकमेकींच्या कामाचा त्रास किती कळतो! म्हटलं, "सुरुवातीला जड जाईल तिला. मग होईल सवय. आणि खरं सांगू? जुनं एकदाचं बाहेर गेलं की घर कसं मोकळं मोकळं वाटतं."

शोभाताईंनी पदर तोंडाला लावला आणि उतरून गेल्या.

पुढे रस्त्याचं काम चालू होतं. गाडी तासभर एका जागी उभी. तेवढ्या तासात शोभाताईंच्या फोनने काय केलं, ते मला नंतर कळलं. पहिला फोन सुनंदाला. सुनंदाने आईला फोन लावला. कोणी उचलला नाही. परत लावला. परत नाही. माझा फोन तर दुपारीच मान टाकून बसला होता. मग तिने पुण्याला भावाला, विलासला फोन केला. विलासला दिवाळीपासून सुटी मिळत नव्हती. तो अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत बसला.

मी घराच्या गल्लीत वळलो, तर दाराबाहेर चपलाच चपला! म्हटलं, सुनंदाने सगळ्यांना राख बघायला बोलावलं की काय?

आत पाऊल टाकणार, तोच सुनंदाने हंबरडा फोडला. "आई कशी गेली वो?"

"मामी? मामी कुठे गेल्या?" मी दचकलोच.

"धक्का बसला त्याइले," शेजारचे दिगंबरराव सगळ्यांना म्हणाले. "बोलू नका कोनी." आणि माझ्या हातातलं मडकं त्यांनी दोन्ही हातांनी अलगद काढून घेतलं. "हे घरात नेत नाहीत भाऊ. झाडाले बांधतो."

"झाडाला कशाला? मोरीत ठेवायचंय ते!"

सुनंदा रडायची थांबली. "मोरीत?"

"मग? रोज हाताशी नको? सिंकखाली जागा करा जरा."

जो काही गलका उठला, विचारू नका! एक म्हातारी मला म्हणाली, "बापा, तुह्या जिभेले काही हाड?" दिगंबररावांनी मडकं बदामाच्या झाडाला बांधून हात जोडले. शेजारच्या वहिनी पिठलं-भाकर झाकून आणत होत्या, त्या उंबऱ्यातच थिजल्या. आणि तेव्हा कुठे, अगदी हळूहळू, पांढरं फडकं बांधलेलं, फांदीला लटकणारं ते मडकं मला नीट दिसलं. लख्ख दिसलं!

काही बोलणार, तोच सुनंदाचा फोन वाजला. पडद्यावर 'आई'.

सुनंदा किंचाळली. फोन हातातून पडला. "उचलू नका!" दिगंबरराव ओरडले. मीच वाकून उचलला. घाबरून बोट स्पीकरवर पडलं, आणि मामींचा खणखणीत आवाज घरभर घुमला.

"काय व्हय वो सुनंदे, किती फोन करतं? मी वाडीत वांगे तोडून राह्यली होती. जवाईबापू पोचले काय? मडकं फुटलं त नाही ना?"

त्या घरातल्या सगळ्या माना, एकेक करून, माझ्याकडे वळल्या. आयुष्यात इतक्या माणसांनी एकदम मला कधी पाहिलं नव्हतं. लग्नातही नाही.

सुनंदा आधी फोनला धरून रडली, मग हसली, मग मला काय बोलली ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पिठलं-भाकर काही परत गेली नाही. दिगंबररावांनीच पहिली भाकर मोडली. विलासला फोन केला, तर तो नगरजवळ आला होता. आधी मला मनसोक्त शिव्या दिल्या. मग म्हणाला, "आता एवढा आलोच आहे, तर आईला भेटूनच जातो."

दुसऱ्या दिवशी आम्हीही जानेफळला गेलो. मामी पोराला समोर बसवून वाढत होत्या. चेहरा असा फुललेला, की विचारू नका. सुनंदाकडून सगळा वृत्तान्त तपशिलाने ऐकला. कोण कोण आलं, कोण किती रडलं, शोभा रडली का, दिगंबररावांची बायको खरंच रडली की तिने नुसता पदर लावला. मग हळूच विचारलं, "आन् जवाईबापू?"

"ते?" सुनंदा म्हणाली. "ते सिंकखाली जागा करा म्हनत होते."

मी खाली मान घालून म्हणालो, "मामी, मला खरंच कळलं नाही हो, कोण गेलंय ते."

मामींनी माझ्या ताटात भाकर टाकली.

"सगळ्या मोटारीले समजलं, कालनीले समजलं, पुन्याच्या पोराले समजलं," त्या म्हणाल्या, "ज्याच्या मांडीवर मी होती, त्यालेच तेवढं नाही समजलं!"