काखेतला ढोल

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात हेमचंद्र गुर्जर माइक हातात घेऊन उभे राहिले, की लोक हळूच घड्याळं बघत, इतका बोलका माणूस. २००४ च्या मार्चमध्ये, रिटायर होऊन जेमतेम वर्ष झालं असताना, त्यांना स्ट्रोक आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघे: "नाही." चहा हवा असला तरी "नाही", नको असला तरी "नाही". बायको नीला अंदाज बांधायची, चुकायची, आणि ते टेबलावर मूठ आपटायचे.

आठवड्यातून तीनदा रीहॅब सेंटरची व्हॅन न्यायला येई. ड्रायव्हर नायजेरियाचे, साठीकडे झुकलेले, आडनाव अयानवाले.

"वाले म्हणजे आपल्याच बाजूचे कुणी वाटतात," नीला म्हणाली, तेव्हा हेमचंद्रांना कित्येक दिवसांनी हसू आलं.

एके दिवशी पुढच्या सीटवर एक ढोल होता. डमरूसारखा मध्ये बारीक, दोन्ही तोंडांमध्ये दोऱ्या ताणलेल्या. हेमचंद्रांनी बोट दाखवलं. सेंटरपाशी पोचल्यावर अयानवाल्यांनी तो काखेत धरला आणि वाकड्या काठीने वाजवला. दोऱ्या दाबल्या की आवाज चढे, सोडल्या की उतरे.

"हा बोलतो," ते म्हणाले. "आमच्या योरुबा भाषेत आवाज चढला-उतरला की शब्दाचा अर्थ बदलतो. ढोल तोच चढउतार वाजवतो. लग्नघरी येणाऱ्या प्रत्येकाला माझे वडील ढोलातूनच नावाने हाक मारायचे."

हेमचंद्रांच्या भुवया वर गेल्या. अयानवाल्यांनी त्यांचा प्रश्न ओळखला.

"दोन नावं सारखी वाजली तर, असंच ना? मग नुसतं नाव नाही वाजवायचं. बापाचं नाव, गावाचं नाव जोडायचं. लांबण लावली की चूक होत नाही."

दिवसभर ते हेमचंद्रांच्या डोक्यातून जाईना. शब्द गेले होते, पण बोलण्याची चाल कुठे गेली होती?

संध्याकाळी त्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी टेबलावर ठेका धरला आणि मिटल्या ओठांनी गुणगुणले, शेवटी आवाज चढवत.

"आता काय हवंय?" नीला स्वयंपाकघरातून वैतागली.

त्यांनी पुन्हा तेच वाजवलं. तिसऱ्यांदा ती ओल्या हातांनी बाहेर आली.

"अगं, ऐकतेस का?" ती सावकाश म्हणाली. "हेच ना? छत्तीस वर्षं हेच तर ऐकतेय."

त्यांनी जोरजोरात मान हलवली. ती खुर्ची ओढून समोर बसली. "बोला. ऐकतेय."

"तुमची भाषा आमच्यासारखी नाही, सगळं नाही जमणार," अयानवाल्यांनी बजावलं होतं, आणि जमलंही नाही. चष्मा मागितला तर पाणी यायचं, भांडणं व्हायची. पण स्पीच थेरपिस्ट म्हणाली, ठेका सोडू नका. ऑगस्टमध्ये एका सकाळी ठेक्याबरोबर गुणगुणण्यातून "अगं" स्पष्ट बाहेर पडलं. नीलाने गॅस बंद केला आणि दूर बेलव्ह्यूला राहणाऱ्या मुलीला फोन लावला. हेमचंद्रांनी टेबलावर बोटांनी तीन ठोके दिले. "अ...न...या."

"बाबा, से इट अगेन," पलीकडून रडवेला आवाज आला.

२००७ पर्यंत ते चार-पाच शब्दांची वाक्यं बोलू लागले. अडखळत, पण स्वतःची. दर गुरुवारी अयानवाल्यांच्याच व्हॅनमधून ते सेंटरवर जात, आता व्हॉलंटियर म्हणून. वाचा गेलेल्या एका बाईंसमोर बसून ते तिच्या नवऱ्याला विचारत, "घरी... ह्या... हाक... कशी मारायच्या?" नवरा सांगे, आणि हेमचंद्र ते टेबलावर वाजवून, बाईंचा हात हातात घेऊन तोच ठेका पुन्हा धरत.