तेलघाण्याच्या मालकाचा गोड आवाज

माझी शाळा आळंदला, सगळी कन्नडात झाली. मराठी घरात बोलायचो, पण वाचताना मी अडखळायची. लग्न होऊन हुलसूरला आले, तेव्हा माझी थोरली जाऊ मला वाचून दाखवायची. तिला मी अक्का म्हणायची. आम्ही दोघी ज्वारीच्या कडक भाकरी करून विकायचो. मला ते काम तिनंच शिकवलं. आधी माझ्या भाकरीच्या कडांना चिरा पडायच्या. सकाळी भाजून झालं की दुपार मोकळी असायची.

तिच्याकडं पहिली पानं गळालेली एक जुनी कादंबरी होती. एक तेलघाण्याचा मालक, ज्या दोस्तानं त्याला धंद्यात आणलं त्यालाच हळूहळू बाहेर काढतो, अशी गोष्ट. ऐकताना माझा जीव तळमळायचा.

"अक्का, असे माणसं असतेत?"

"असतेत की. कुठं जातेत?"

"पूर्वी असतील," मी म्हणायची.

पुढं गाणगापूरला येणारी माणसं आमच्या भाकरी मागू लागली. तिथला दुकानदार म्हणाला, पुड्यावर एकच नाव पाहिजे. मी माझं दिलं. अक्काला विचारायचं राहून गेलं असं घरात सांगितलं. राहून गेलं नव्हतं. मग मशीन आलं, कामाला बायका आल्या. अक्काची भाकरी हातावरची, कागदासारखी पातळ, पण एका मापाची नसायची. दुकानदार कुरकुर करायचा.

एक दिवस मी म्हणाले, "अक्का, तुमचे गुडघे दुखायलेत. आता आराम करा. मी बघते सगळं."

ती तव्यापाशी बसली होती. "व्हय?" म्हणाली. तव्यावरची भाकर उलटून म्हणाली, "हात कुठं दुखायलेत गं माझे?"

मी फोन आल्यासारखं करून बाहेर गेले.

भाऊजी आधीच वारले होते. महिन्याभरात अक्का उदगीरला लेकीकडं गेली. तिची पुस्तकं इथंच राहिली.

गेल्या उन्हाळ्यात वीज गेली, मशीन बंद पडलं, आणि मी ती कादंबरी काढून अक्षर अक्षर लावत बसले. माझ्या आठवणीत तो मालक डोळे वटारणारा, ओरडणारा होता. पुस्तकात तो एकदाही आवाज चढवत नाही. दोस्ताच्या खोकल्याची विचारपूस करतो आणि त्या खोकल्याच्या काळजीपोटीच त्याला घाण्यावरून घरी पाठवतो. लिहिणाऱ्याला हे किती आधी कळलं होतं! अक्कानं ते पान मला वाचून दाखवलंच असणार. मीच ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उदगीर गाठलं. अक्काला आता नीट दिसत नव्हतं. मी पायांशी बसले. "अक्का, माझं चुकलं."

तिनं माझा हात चाचपला. "लई मऊ पडलाय गं. आता भाकर थापायलीस का न्हाई?"

मला हुंदका आवरेना.

"कामून रडायलीस? चहा घे," ती म्हणाली. चुकलं न्हाई, असं मात्र म्हणाली नाही. मी वाट बघत होते.

दिवाळीच्या आत ती गेली. मला कळलं ते माती झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, बसस्टँडवर भेटलेल्या एका बाईकडून.