कॉईलची वायर
तापल्या लोखंडावर ओलं फडकं पडलं की जो वास सुटतो, त्याने मला अजून मंगरुळपीरच्या अलीकडचा तो रस्ता आठवतो. सत्तरच्या दशकातला उन्हाळा होता. नर्सिंगच्या मुलाखतीसाठी बाबा मला इंझोरीहून आमच्या जुन्या पिकअपमधून अकोल्याला नेत होते. ती गाडी तापली की कधी चालू व्हायची, कधी नाही. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवलं की बहुतेकदा सुरू व्हायची. त्या दिवशी चहाला थांबलो आणि ती काही केल्या चालू होईना. मी फडकी भिजवत राहिले, बोटं पोळली, ऊन डोक्यावर आलं. बाबा बाभळीखाली विडी ओढत बसले होते. "बाबा, आज काहून आयकून नाही राह्यली हे?" त्यांनी विडीची राख झटकली. शेवटी चाचपडताना कळलं, इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या कॉईलची जाड वायरच निघालेली होती. मी आनंदाने ओरडले, "बाबा, सापडलं! वायर निघाली होती!" "मालूम हाय मले," ते खाली पाहत म्हणाले, "म्याच काढली. तुले तिकडं एकटीले ठेवाले जीव नाही झाला माहा." मी वायर बसवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली, पण मुलाखतीची वेळ टळली होती. बाबांनी गाडी घराकडे वळवली. पुढच्या वर्षी मी एसटीने एकटीच गेले आणि नर्स झाले. त्यांची भीती आता मला कळते. सरळ नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, रडले असते. पण मी बोटं भाजून घेत होते आणि ते नुसते बघत बसले, हे अजून सोसत नाही.